डाव्या कडेची वीण

प्रिय मोठी आई,

तू पाठवलेली चटई बोटीवरून नीट पोचली. कुठे भिजली नाही, कुठे दुमडली नाही. इथे फिजीच्या राजधानीत, सुवातल्या आमच्या चर्चच्या बायकांनी ती सभागृहात पसरली आणि गुलाबी लोकरीची झालर बघून एकच गलका केला. मिलिका म्हणाली, "अगं, हिच्यावर बसायचं तर पाद्रीबाबांनासुद्धा आधी आंघोळ करावी लागेल!" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. त्या गेल्यावर मी चटईजवळ गुडघे टेकून बसले, आणि अजून तिथेच बसून तुला लिहिते आहे.

शनिवारी लिलाव आहे. येणारे सगळे पैसे स्तनाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या डॉक्टरणींच्या अभ्यासाला जातील. आपल्या बेटांवरच्या बायका इतक्या उशिरा का येतात, गाठ हाताला लागल्यावरही गप्प का बसतात, हे त्यांना शोधायचं आहे. यासाठी सगळ्या कंदावू बेटावर तुझ्याइतकी कोण फिरली? लाटा असोत, वारा असो, तू होडीत बसून गावोगाव जायचीस आणि लाजणाऱ्या बायकांना म्हणायचीस, "छाती देवानंच दिलीय आणि चाचपायला हातही त्यानंच दिलेत. नवऱ्याला विचारत काय बसलात?" म्हाताऱ्या तोंडावर हात धरून हसायच्या, पण दुसऱ्या दिवशी वासिती नर्सच्या दारात उभ्या असायच्या.

हे तू कुणासाठी करतेस ते मला माहीत आहे. शाळेत जायच्या आधी मी तुझ्याच चटईवर शिकले. विणायच्या केवड्याच्या पात्या मोजत अंक शिकले, शिंपल्यानं त्या मऊ करता करता बायबलमधली नावं शिकले. तेव्हा आई, तुझी धाकटी बहीण, आपल्या शेजारी बसून विणायची. तिची वीण सैल पडायला लागली तेव्हा तू तिला चिडवलंस, "अकानिसी, चटई विणतेस की मासे धरायचं जाळं?" आई हसली आणि डावा हात मांडीवर ठेवून बसली. झंपराच्या आत, छातीतल्या गाठीवर तिनं औषधी पाला बांधला होता, हे आपल्याला फार नंतर कळलं. तिला पुरून आल्यावर तू मला तिची ती शेवटची चटई दाखवलीस. सैल जागेवर माझं बोट ठेवून म्हणालीस, "बघ लोसा, ही सांगत होती. हाताला त्रास झाला की वीण लपवत नाही. हे कधी विसरू नकोस."

मी विसरले नाही. म्हणून तुमच्या या वर्षीच्या कॅन्सरविरोधी गुलाबी मिरवणुकीचा फोटो आला तेव्हा मी आधी तुझे हात बघितले. कापडी फलक सगळ्या बायकांनी दोन्ही हातांनी धरला आहे, तू मात्र एकाच, उजव्या हातानं. मी फोनवर विचारलं तर म्हणालीस, "अगं, दुसऱ्या हातानं माशा हाकत होते." मग तू मलाच फटकारलंस, "सुवात कसाव्याचे कंद मिळत नाहीत वाटतं, आवाज इतका बारीक आलाय!" मी पुन्हा विचारायच्या आत तू लोकरीच्या रंगावर घसरलीस. मागच्या रविवारी तू चर्चमध्ये गायलाही उभी राहिली नाहीस, असं तुमच्या गावात राहणारी मिलिकाची भाची सांगत होती. मी स्वतःला समजावलं, वय झालं, गुडघे दुखत असतील. माझा स्वभाव घाबरट, हे तूच सांगतेस.

पण चटई घाबरट नाही, मोठी आई. जिथून तू सुरुवात केलीस तिथे वीण अशी घट्ट आहे की नख शिरत नाही. मध्यावर ती डावीकडे जराशी ढिली होते. शेवटाकडे पात्यांमधून खालची फरशी दिसते. आणि नेमकी तिथेच, त्या एकाच कडेला, लोकर दुप्पट दाट लावली आहेस. म्हणजे तुला दिसलं होतं. तुला दिसलं आणि तू ते झाकलंस. झालर बाजूला सारून मी नाक टेकवलं. केवड्याच्या कोरड्या वासाखाली दुसरा एक वास आहे, कडवट, ओला. आईच्या उशीला तोच यायचा, त्या पाल्याचा.

माझी चूक असू दे. मी देवाकडे तेवढंच मागते आहे. चूक असली तर सगळ्या गावासमोर मला हस, म्हण की सुवात राहून पोरगी चटई वाचायला विसरली. पण ही चटई मी शनिवारी विकणार नाही. बायका उशिरा का येतात हे शोधायला तुझीच चटई विकायची, हे माझ्या हातून होणार नाही. डावी कड मी मागे उसवली आहे, जिथपर्यंत वीण घट्ट आहे तिथपर्यंत. उरलेलं तू इथे येऊन विणायचंस, दवाखान्यातून परत आल्यावर, माझ्या खोलीत बसून. फोन केला तर तू हसून उडवशील, म्हणून हे पत्र वासितीच्या नावे पाठवते आहे, ती स्वतः तुझ्या हातात देईल. तुझं वाचून होईपर्यंत ती समोरून हलणार नाही. मग ती तुला झंपर काढायला सांगेल. तू गावोगावच्या बायकांना जे सांगत आलीस ते तिला तोंडावर म्हणू नकोस, फक्त कर. हे पत्र आणणारी बोट दुसऱ्या दिवशी सुवाला परत फिरेल. तिच्यावर तुझी जागा धरली आहे, आणि मी धक्क्यावर उभी असेन.

चटईच्या उसवलेल्या कडेशी बसलेली,
तुझीच,
लोसा