धुराच्या आधी

राजाजीनगर, बेंगळुरू
१२ फेब्रुवारी

ती. अक्कास रत्नाकरचा साष्टांग नमस्कार.

चार चमचे रक्त. नर्सने घेतलं तेवढंच. खरा खर्च वेगळा: माझी अर्धी सकाळ, आणि निकाल येईपर्यंत नीलाचे तीन उपास. सोमवारचा ती एरवीही करते, म्हणजे दोनच धरू.

तुम्ही सगळे बरे असाल. दाजींचं प्लास्टर कधीच निघालं असेल. भाऊबिजेपासून तू अबोला धरला आहेस, तरी लिहितो, कारण ही बातमी तुला दुसऱ्याकडून कळू नये.

गेल्या वर्षी पायातला हाडाचा कॅन्सर काढला, औषधं झाली, ते तुला ठाऊक आहे. तेव्हापासून ठरावीक महिन्यांनी छातीचा स्कॅन असतो. हा आजार पसरला तर बहुधा फुप्फुसात जातो. जोडीला डॉक्टर रक्षितांनी मला एका अभ्यासात घेतलं. गाठीचे बारीक अंश रक्तात सुटतात म्हणे, ते मोजायचे. डिसेंबरचा स्कॅन स्वच्छ आला. जानेवारीत रक्तातला आकडा चढला.

ईशानने लगेच मेसेज केला, "अप्पा, आकडा चढला म्हणजे पसरलंच असं नाही." डॉक्टरांचंही तेच. मास्क हनुवटीवर ओढून, माझ्याकडे बघत, एकेक शब्द सावकाश: "ही तपासणी अजून अभ्यासातली आहे. नुसत्या तिच्यावर औषध देता येत नाही. मार्चचा स्कॅन आहेच, स्वल्प थांबा."

अक्का, होसकोट्याच्या शेडमध्ये तीस वर्षं मी केलं काय? लोकांची यंत्रं ऐकली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. जळायच्या महिनाभर आधी सांगायचो. मीटरवाले इंजिनिअर आधी हसायचे, मग गुपचूप यायचे. अख्ख्या वसाहतीत असा कान दुसरा नाही. हे मी नाही, गिऱ्हाइकं म्हणतात.

म्हणून म्हटलं, "डॉक्टर, धूर निघेपर्यंत थांबणारा मालक मूर्ख. स्कॅन आत्ताच करा."

घरी नीलाने पाटीवर लिहिलं, 'आणि काही निघालं तर?'

"तर काढू. नाही निघालं, तर एक उपास माझ्याकडून."

तिने पुसलं आणि लिहिलं, 'विनोद पुरे.'

निघालं. उजव्या फुप्फुसात, जोंधळ्याच्या दाण्याएवढं. एकच आहे, कडेला आहे, काढता येईल म्हणतात. मंगळवारी ऑपरेशन. मार्चपर्यंत त्याचं काय झालं असतं ते डॉक्टर सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. आकडा पुन्हा चढेल का, तेही कुणाला माहीत नाही.

शेड दयानंद सांभाळतो. मी हल्ली यंत्रावर तळहात ठेवतो. अर्धं कळतं, उरलेलं तो सांगतो, समोर उभा राहून, हातवारे करत.

राहिली भाऊबीज. तू फोनवर सांगत होतीस की दाजी जिन्यावरून पडले, आणि मी म्हणालो, "छान, छान! असंच चालू दे." दरवर्षीचंच बोलत असशील, अशा अंदाजाने उत्तरं देत होतो. नीलाने नंतर सांगितलं, तेव्हा कुठे कळलं. रत्ना मोठा झाला, आता बहिणीचं कशाला ऐकेल, असं तू तिला म्हणालीस म्हणे.

मंगळवारच्या आधी ये. फोन मात्र करू नकोस. कॅन्सरच्या त्या औषधाने काहींचे कान जातात, माझे गेले. जुलैपासून मला फोनवर काहीही ऐकू येत नाही.

तुझा
रत्ना