गाव सांगायची लाज

बसरा, मे १९१७

तीर्थरूप आबा, तुमच्या पायावर डोई ठिवून अंबाजीचा नमस्कार. मी धडधाकट हाय, भाकर मिळती.

हितं सुभेदार मला मावळा म्हनतो, म्हंजी मरनाला न भिनारा गडी. आजी म्हनायची, दिवस मावळतो त्यो मुलूख म्हंजी मावळ. आपल्या गावावर धरन बांधनाऱ्या सायबाला मावळ म्हंजी नुसती पानी कोंडायची जागा.

आपलं घर, भाताची खाचरं त्या पान्यात बुडाली, मग औंदा रोपासाठी पालापाचोळा जाळून राब कुटं भाजला? आईनं जपलेलं बी कुनाच्या रानात पेरनार? वराळ्याला मामाच्या पडवीत तिला नीज लागती का?

काल सुभेदारानं इचारलं, "काय बरंवाईट झालं तर कागद कुटल्या गावी धाडायचा?" दुसऱ्याची पडवी सांगायची लाज वाटली. मी नुसतं "मावळ" म्हनालो.

त्यो लय खूश झाला, म्हनाला, "शाब्बास मावळ्या!"

तुमचा लेक,
अंबाजी