जिन्यातला फुगा

गुरुवार, संध्याकाळ

 शनिवारी नाटकाचा पहिला प्रयोग, ध्वनिसंयोजन माझं, आणि त्यात आमच्या लालबागच्या चाळीतला जिना ऐकू यायला हवा. जिन्यात फुगा फोडायचा, त्याचा घुमारा रेकॉर्ड करायचा. मग कॉम्प्युटरवर तो घुमारा दुसऱ्या आवाजावर चढवला, म्हणजे कन्व्हॉल्युशन रिव्हर्ब लावला, की स्टुडिओतलं वाक्यही त्याच जिन्यात बोलल्यासारखं वाटतं. पण चाळीत शांतता कधी मिळणार? म्हणून चाळ पाडण्याआधी सगळे खोल्या सोडून जाईपर्यंत थांबलो, मगच फुगा फोडला. केवढा खूश होतो, मध्ये कुणाचा खोकलासुद्धा आला नाही!

आज भायखळ्याच्या भाड्याच्या खोलीत आईला ऐकवलं. म्हणाली, "ह्यो आपलो जिनो न्हय रे. रिकाम्या घरात हाक मारल्यासारखा वाटता."

खरंय तिचं. पाण्याची पिंपं, चपलांचे स्टँड, कठड्यावरच्या गोधड्या, दारात बसलेली माणसं... आवाज त्यांच्यात मुरायचा. ते सगळं गेल्यावर मी फुगा फोडला. मला कळायला नको? माझं तर कामच हे!

उद्या सकाळी पाडकाम सुरू. एक फुगा उरलाय. आईने गोधड्यांचं गाठोडं बांधलंय. "चल, घालूया थंय."

"गोधड्या नेऊ गं, पण दारात कोण बसणार?"

तिने गाठोड्यावर आपला बसायचा पाट ठेवला.