आजाराच्या रकान्यात ‘शुक्र है’

अहमदपूर
सोमवार, १४ जुलै २०२५

प्रिय देविदास,

आज किरकोळ रजा टाकली. सकाळी नळाला पाणी आलं, ते भरलं. साडेदहाला विमा कंपनीचा फोन आला, वीस मिनिटं चालला. दुपारी भात लावला, थोडा खाल्ला. आता साडेतीन झालेत. तुला फोनच करणार होतो, पण फोनवर मला बोलायला जमत नाही. शाळेतही बोलायचं काम तू ऑफिसात बसून करायचास आणि मी प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचो. म्हणून लिहितो.

या महिनाअखेरीस मीही निवृत्त होतो. लोह्याला राहायला जाताना तू बजावून गेला होतास की नोकरी सुटायच्या आत तब्येतीचा विमा काढ, नंतर शुगरवाल्याला कोणी दारात उभं करत नाही. आता तो काढतो आहे. पण कोणता काढायचा हे मी ठरवलेलं नाही. ते अमीरबीने ठरवून ठेवलं होतं.

दोन वर्षांपूर्वीचं तुला कधी सांगितलं नाही. तेव्हा आम्ही दोघांसाठी मिळून एक अर्ज केला होता. तब्येत विचारायला कंपनीचा फोन आला, तो तिने घेतला. आमच्यात तब्येत विचारली की ‘शुक्र है’ म्हणायची रीत. परक्या माणसाला आपली दुखणी कोण सांगत बसतं? फोनवरच्या मुलीने विचारलं, बीपीचा त्रास? शुक्र है. शुगर? शुक्र है. कधी ऑपरेशन? शुक्र है. आठ दिवसांनी कागद आले, त्यात सगळीकडे ‘नाही’ छापलेलं. मला बरंच वाटलं. एजंट वीरेश म्हणाला, “काकू, सोन्यासारखं झालं. आता गप ऱ्हावा.” ती चष्मा लावून एकेक ओळ वाचत गेली. रोज सकाळी बीपीची गोळी घेणारी बाई. मला म्हणाली, “मैं झूट नै बोली. पन कागज झूट बोलरा.” मी म्हणालो, राहू दे. त्यावर म्हणाली की शाळेतल्या बाटल्यांवर चुकीची चिठ्ठी दिसली तर तुम्ही जेवत नाही, आणि माझ्यावर चुकीची चिठ्ठी चालते होय?

मग तिने स्वतः कंपनीला फोन लावला. तिकडच्या माणसाला वाटलं, बाई तक्रार करते आहे. ही सांगते, “तक्रार न्हाई बाबा, चूक माझी हाय, लिहून घे.” बीपी, गर्भपिशवीचं ऑपरेशन, माझी शुगर, सगळं सांगितलं. पंधरा दिवसांनी कंपनीने अर्ज परत पाठवला. मी चिडलो होतो. ती म्हणाली, आजारी पडल्यावर परत पाठवला असता तर?

पुढे डोळे दाखवायला तिला लातूरला नेलं, तेव्हा मी औषधाच्या रांगेत असताना ती गायब झाली. तासाभराने आली. आजूबाजूच्या तीन दवाखान्यांच्या विम्याच्या खिडकीवर जाऊन विचारून आली होती की कोणत्या कंपनीचं कार्ड इथे चालतं, खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, जुन्या आजाराला किती वर्षं थांबवतात. एका खिडकीवर विचारलं, पेशंट कुठे आहे? ही म्हणाली, “अजून न्हाई, म्हणून तर विचारून राहिले.” मी एक स्वस्त पॉलिसी दाखवली होती. ती बाजूला सारून म्हणाली, “ह्यात लातूरचा एकबी दवाखाना न्हाई. बीमार पडायला पुण्याला जावं का?” दहावीपर्यंत शिकलेली बाई, देविदास. मी विज्ञानाच्या खोलीत तीस वर्षं काढली, पण मला हे प्रश्न सुचले नसते. शेवटी तिने एक कंपनी निवडली आणि अर्ज भरून फाइलीत ठेवला. सह्या तेवढ्या राहिल्या.

गेल्या आठवड्यात वीरेश आला, तेव्हा मी तोच अर्ज पुढे केला. अक्षर स्वच्छ, सगळं जागच्या जागी. त्याने बघून मोबाइलवर भरून टाकलं. तो लातूरला राहतो, त्याला इकडचं काही माहीत नाही. दुसऱ्या नावावर माझी नजर गेली होती. तेही भरू दिलं. शुगरचं मात्र त्याने “काका, कशाला लिहून राहिले” म्हटलं तरी मी ते लिहायला लावलं.

आज फोनवर सगळं खरं सांगितलं. शुगर नऊ वर्षांपासून, गोळी दोन वेळा. नांदेडला हर्नियाचं ऑपरेशन. ॲसिडने बोट भाजलं होतं तेही सांगितलं, तर ती मुलगी म्हणाली, काका, ते लागत नाही. मग तिने विचारलं, “आणि मॅडमची तब्येत कशी आहे?”

मी म्हणालो, शुक्र है.

तिने काहीतरी टाइप केलेलं ऐकू आलं. म्हणाली, म्हणजे काही त्रास नाही, असं टाकते. मॅडमशीही बोलावं लागेल, पाच वाजता फोन करते, त्यांच्याजवळ द्या. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

जानेवारीत तू आणि सुभद्रावहिनी मय्यतीला आलात, तेव्हा ज्याला त्याला लोकांनीच कळवलं होतं. शाळेतही हेडमास्तरांनी सांगितलं. मला कोणालाच सांगावं लागलं नाही. या सहा महिन्यांत ते वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही, हे आज लक्षात आलं. पाच वाजता ते एका अनोळखी मुलीला ऐकवण्यापेक्षा आधी आपल्या माणसाला सांगावं, म्हणून हे पत्र. अमीरबी गेली, देविदास. लिहून झालं. आता कागद खोटा राहू देत नाही. पाचची वाटही बघत नाही. चष्मा लावतो, तिने फाइलीवर लिहून ठेवलेला कंपनीचा नंबर बघतो आणि एकेक आकडा दाबतो.

तुझाच,
रियाज