तिसरे कडवे

प्रिय समीक्षा,

'प्रिय' सवयीने लिहून गेले. खोडावेसे वाटले, पण खोडले नाही. तू वरच्या मजल्यावर राहतेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे, याचे हसू येईल तुला. समोरासमोर मला एवढे रागावता येत नाही, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे.

काल तुझा निरोप आला. पंधरा ऑगस्टला ठाण्याच्या टेंभी नाक्यावर तुमचा गट आजीचे गाणे गाणार आहे, तिसरे कडवे कुणालाच आठवत नाही, तेवढे तिला विचारून पाठव. तेवढे. माझ्या रमाबाई आजीने आणि आपल्या मोहने गावातल्या कामगारांच्या बायकांनी हे गाणे प्रभातफेरीसाठी जुळवले होते. त्या गाण्यात कोकणातून आलेले आहेत, देशावरून आलेले आहेत. देव कुणाचाच नाही. तुझी आई कामावर गेली की आजीजवळ बसून आपण दोघी ते शिकलो.

आणि सव्वीस जानेवारीला काय झाले? चाळीतल्या झेंडावंदनानंतर मंडळाच्या विनीतदादाने तसबीर मांडली, भारतमातेची आरती जाहीर केली आणि सर्वांना चपला काढायला सांगितल्या. आम्ही बौद्ध माणसे आरती करत नाही, हे चाळीत कुणाला ठाऊक नाही? आजी दरवर्षीसारखी झेंड्याकडे तोंड करून, चपला घालून, ताठ उभी राहिली. तो माईकवरून म्हणाला, "काय आजी, देशासाठी दोन मिनिटं चपला निघत नाहीत?" चाळ हसली. आजी एवढेच म्हणाली, "झेंडा देव नाही बाबा, आपला आहे." ते कुणाला ऐकू गेले नाही, कारण तू आरती सुरू केली होतीस. तुझा सूर जराही हलला नाही. एकात्मतेवरच्या भाषणांत तू बक्षिसे मिळवतेस. त्या सकाळी एका म्हातारीला वगळून झालेली एकात्मता तुला पुरली.

"आता मला झेंडावंदनाला नेऊ नकोस," असे आजीने तेव्हाच मला सांगून ठेवले आहे.

तुझा निरोप मी तिला वाचून दाखवला. ती नाही म्हणेल अशी आशा होती. खरे तर इच्छाच होती. "दे पोरीला. गाणं अडवून ठेवू नये," म्हणाली आणि सबंध कडवे म्हणून दाखवले. मला ते एका ऐकण्यात पाठ झाले. तरी या पाकिटात ते नाही. आजीने दिले आहे, मी देणार नाही. हवे असेल तर खाली ये, तिच्यासमोर बसून शिक, आणि पंधरा ऑगस्टला ठाण्याला निघण्याआधी तिचा हात धरून तिला झेंड्यापाशी ने. आमच्या दाराशी चपला काढ किंवा काढू नकोस. इथे तुला कुणी विचारणार नाही.

रागावलेली, आणि अजून तुझीच,
दर्शना