फटीची माती

सावली
५ ऑक्टोबर २०२५

ती. रंजीताबाईस,
लहान भाऊ देवाजीचा सा. न. वि. वि.

हेमलकशाकडं टॉवर अजून बंदच दिसते, म्हणून बसच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी देऊन राह्यलो. मासोळीसाठी बर्फाची मोठी पेटी घेतली. तिचा जाडा प्लग बाबांच्या काळच्या बोर्डात जाईना, तं नवं सॉकेट मीच बसवलं. मिस्त्री काऊन पाह्यजे? पण भिंतीतल्या जुन्या लाकडी डब्यावर बसणारी प्लेट मिळता मिळेना! सावलीतली सारी दुकानं पालथी घातली, मूल गावालेही जाऊन आलो. दुकानदार म्हणे, या मापाची प्लेट आता कोणी ठेवत नाई, भिंत फोडून नवा डबा बसवा. मातीची भिंत फोडली तं अर्धी खाली येईन. आणलेली प्लेट लहान पडली, चारी बाजूनं बोट जाईन एवढी फट राह्यली. आतल्या तारा दिसतात. माय रोज पाहून कुरकुरते. दिवाळीच्या सारवणात शेणमातीनं लिंपून टाकीन म्हणते. बरंच होईन.

तुमची माया पाठीशी राहू द्या.
देवाजी


हेमलकसा
९ ऑक्टोबर

चि. देवाजीस अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, चिठ्ठी वाचून माझा जीव उडाला. मिस्त्री नको म्हणते, मोठा इंजिनेर लागून गेला! ओल्या मातीतून करंट येते, आन् माय अनवाणी, ओल्या जमिनीवर. इथी एक बाई भिंत सारवता सारवता अशीच चिकटली. वाचली, पण बोटं अजून वळत नाईत. मायले त्या भिंतीले हात लावू देऊ नको, माझी शपथ आहे तुले. ती ऐकणार नाई. मंग तूच लिंप, पण बोर्डाचं बटन बंद करूनच लिंप. तुझ्या बायकोले, इंदुले, जवळ उभी ठेव.

लोभ आहेच. तो वाढवत बसण्यापेक्षा ऐक.
तुझी बाई


गडचिरोली, दवाखाना
१५ ऑक्टोबर

ती. बाईस इंदुचा नमस्कार.

तुमची चिठ्ठी सोमवारी पोचली. माय माती कालवून बसली होती. ह्यायनं चिठ्ठी मले गुपचूप दाखवली, मायले म्हणाले तू थकली, मी करतो. बटन बंद केलं, मले दोनदा दाखवलं. मंग ओला गोळा फटीत दाबला. तोंडातून आवाजही नाई निघाला, बाई. मी लाकडी पाटानं मारून हात सोडवला. तेव्हापासून डोळे उघडे आहेत, पण कोणालेच ओळखत नाईत. डॉक्टर उद्या सांगतो म्हणतात, रोजच म्हणतात.

मिथुन मिस्त्री घरी पाहून गेला. जुन्या बोर्डात बटन उलट्या तारेवर होतं म्हणे. बंद केलं तरी करंट आत राह्यतेच. बाबांच्या काळापासून तसंच होतं, कोणालेच माहीत नव्हतं.

माय विचारते, त्याले भिंतीजवळ कोणं पाठवलं. मी म्हटलं, त्यायच्याच मनानं गेले. चिठ्ठी चुलीत टाकली. तुम्ही लवकर या, पण त्या चिठ्ठीची गोष्ट मायजवळ काढू नका.

माझ्यावर माया ठेवा. माझी तुमच्यावरची परत यायले थोडा वेळ लागेन.
इंदु