चार इंच उंच

ती. दादांस,

सा. न. वि. वि. आपली पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे जे जिथे ठेवलं ते तिथेच आहे. उचलणारं कोणी नाही.

स्वयंपाकघरातला ओटा, टाकीखालचा चौथरा, दोन्ही खोल्यांची दारं, तुमच्या बहिणीच्या शिलाई मशीनची पेटी आणि गाडीची शेड, एवढं या घरात मी माझ्या हातांनी केलेलं आहे. कोणाकडे शिकायला गेलो नाही. एकही दार कुरकुरत नाही. (पूर्वी घरात कुरकुर करणारं माणूस होतं, तेव्हा हे लक्षात येत नसे.) हे आधी सांगतो, कारण गाडीबद्दल तुमच्या कानावर भलतंसलतं आलं असेल.

तुमच्या घराअलीकडच्या ओढ्यात त्या दिवशी काय झालं ते माझ्याकडूनही ऐका. गाडीचं पोट दगडावर टेकलं. वजन कमी व्हावं म्हणून मी हिला उतरायला सांगितलं, जे शास्त्राला धरून होतं. ही उतरली, घसरली, गुडघ्यावर आपटली. मग उठून मला म्हणाली, "गाडीचं पोट घासलं तेव्हा खाली वाकून बघितलंत. मी पडले तेव्हा आरशातून बघितलंत." आणि चालत तुमच्याकडे गेली ती गेलीच. बोलणं मला लागलं, पण मुद्दा पटला. गाडीचं पोट दगडाला टेकताच कामा नये. म्हणजेच गाडी उचलायला हवी.

आता उचलायची किती? आमचा मेकॅनिक (त्याला सगळे पाना म्हणतात, स्वभावही तसाच, धरलं की सोडत नाही) म्हणाला, "काका, दोन इंच. स्प्रिंगवर ठोकळे बसवू, संध्याकाळी गाडी घेऊन जा. चार इंचाला स्प्रिंगा बदला, शॉकअप बदला, ब्रेकचे पाइप लांब करा, आणि एवढं करून वळणावर झोकांड्या खाईल ती वेगळीच." मी अंदाजावर विश्वास ठेवत नाही. बस पकडून ओढ्यापर्यंत गेलो आणि टेप लावून दगड मोजला. दोन इंचांनी निभलं नसतं, पाऊण इंच कमी पडत होता. तिथून तुमचं घर दिसतं. दोरीवर हिची निळी शाल वाळत होती. दगड पुन्हा एकदा मोजला आणि परतीच्या बसने आलो.

चार इंचांचं सामान आणलं आणि पान्याला हात लावू न देता, माझ्या शेडमध्ये, मीच बसवलं. एक बोल्ट इकडचा तिकडे नाही. ब्रेकचे पाइप लांब केले, शाफ्टचा कोन तपासला, दिव्यांचा झोत खाली आणला. गाडी अशी ऐटीत उभी राहिली की मला वाटलं, आता जावं. सुरू केली, पुढे घेतली, आणि छत शेडच्या दारावरच्या तुळईला भिडलं. (ही तुळई मीच बसवली. गाडीच्या डोक्यावर तीन इंच सोडले होते. जास्त जागा कशाला फुकट घालवायची?) गाडीखालचं सगळं मोजलं होतं, दादा. वरचं राहून गेलं.

पाना बघायला आला, तुळईकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, फ्रेम करून ठेवलीत की!" मी त्याला चहा दिला नाही.

मग शेजारच्या सीटवर बसून बघावं म्हणून तिकडून चढायला गेलो. दांडी धरली, पाय उचलला, आणि माझ्याही तोंडून "आई गं" निघालं. माझे दोन्ही गुडघे धड आहेत. हिचा एक. तेव्हापासून मी शेडमध्ये बसतो, पण जमिनीवर.

वहिनींना नमस्कार. हिला काही सांगू नका, बरा आहे एवढंच सांगा.

आपला मेहुणा (हे नातं अजून चालू आहे असं धरून)

ता. क. गाडी बाहेर निघते. चाकांतली थोडी हवा सोडली की आरामात निघते, हे पान्याने त्याच दिवशी सांगितलं होतं. पण काढून जायचं कुठे? कोणी "या" म्हटलेलं नाही.

ता. क. २ एक काम होतं, त्यासाठीच हे पत्र. तुमच्या अंगणातल्या पायऱ्या एकसारख्या नाहीत, ते मी लग्नातच पाहिलं होतं. ही त्यांतली कोणती पायरी न कण्हता चढते ते बघा आणि तेवढ्या पायरीची उंची पट्टीने मोजून कळवा. अंदाजे नको. गाडीला त्याच मापाची पायरी जोडणार आहे. हिला कळू देऊ नका. (कळलं तरी चालेल.)

ता. क. ३ काल पाना एक गिऱ्हाईक घेऊन आला. आहे तशी घेतो, तुळईखालून आमची आम्ही काढू, म्हणाला. बोलता बोलता तो शेजारची सीट मागे सरकवायला लागला. ती हिच्या पायांना बेतून लावलेली आहे, मी म्हटलं हात लावू नका. साडेअकरा लाख देत होता. नाही म्हणालो.